पाथरीचा खलिता

साल १५१८. तुम्ही एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या दरबारात मुनशी आहात. हातात अहमदनगरचा खलिता आहे. मोहोर कोवळ्या बुऱ्हाण निजामशहाची, बोलणं त्याच्या पेशव्याचं, मुकम्मलखानाचं. मागणी एकच: पाथरी आम्हाला द्या, बदल्यात तिच्याहून जास्त वसुलीचा मुलूख घ्या. कारण घरगुती आहे. निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी, आणि भाऊबंद अजून तिथेच आहेत.

तुम्ही खलिता अल्लाउद्दीन इमादशहाला वाचून दाखवता. याचे वडील फतहुल्ला, वऱ्हाडच्या गादीचे संस्थापक, तेही जन्माने विजयनगरकडचे ब्राह्मण. लढाईत पकडले गेले आणि मुसलमान म्हणून वाढले. दोन्ही घराणी बहमनींच्या चाकरीतून वर आलेली. एवढं साम्य असूनही सुलतान नकार देतो. सरहद्दीवरचं ठाणं आज नात्यासाठी सोडलं, तर उद्या दुसरं मागतील, हे तुम्हालाही कळतं. थोड्याच दिवसांत बातमी येते: निजामशहाच्या फौजेने अचानक चालून जाऊन पाथरी घेतली.

आता दहा वर्षं पुढे या. मधल्या काळात इमादशहाने गोवळकोंड्याच्या मदतीने पाथरी परत मिळवली आणि पुन्हा गमावली. नुसती पाथरीच नाही; त्याला वऱ्हाड सोडून बुऱ्हाणपूरला खानदेशच्या फारुकी सुलतानाकडे आसरा घ्यावा लागला. तिथून तुम्ही जो खलिता लिहिता, तो माझ्या मते वऱ्हाडच्या इतिहासातला सर्वांत महागडा कागद आहे. गुजरातच्या बहादूरशहाला त्यात मदतीला बोलावलेलं आहे.

बहादूरशहा येतो. त्याचा तळ पडतो आणि तुमच्या ध्यानात येतं की हा पाहुणा लवकर हलणार नाही. त्याची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर आहे. इमादशहा धास्तावतो. ज्या निजामशहाविरुद्ध फौज बोलावली, त्यालाही तीच धास्ती. शुक्रवारी तुम्ही मशिदीत उभे राहता आणि खुतब्यात नाव ऐकता ते बहादूरशहाचं. अहमदनगरलाही तेच नाव वाचलं जातं. एका परगण्यापायी दोघा शेजाऱ्यांनी तिसऱ्याचं वर्चस्व डोक्यावर घेतलं. इथे राग आल्याशिवाय राहत नाही: पाथरीचा निकाल समोरासमोर बसून लावता आला असता.

पुढे सोयरीकही झाली. अल्लाउद्दीनच्या मुलाने, दर्या इमादशहाने, आपली लेक बुऱ्हाण निजामशहाच्या मुलाला, हुसेनला, दिली. पण दर्यानंतर तुफालखान वजिराने बाल सुलतान बुऱ्हाण इमादशहाला नरनाळ्यावर कोंडलं, आणि हुसेनच्या मुलाला, मुर्तजा निजामशहाला, सबब मिळाली: राजाला सोडवायचं आहे. त्याआधी अहमदनगरचा विजापूरशी तह झालेला होता: विजापूरने दक्षिणेत हातपाय पसरावेत, वऱ्हाडात अहमदनगरला अडवू नये.

१५७४. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्यात, तुम्ही नरनाळ्याच्या तटावर आहात. खाली अहमदनगरच्या छावण्या. नरनाळा पडतो, गाविलगडही पडतो. सोडवायला आलेल्यांनी बाल सुलतानाला वजिरासकट कैदेत टाकलं. त्या कैदेतून कोणीही जिवंत सुटलं नाही.

अहमदनगरला वऱ्हाड जेमतेम बावीस वर्षं लाभलं. १५९६ मध्ये अहमदनगरचा मोगल वेढा उठावा म्हणून तिथला कारभार पाहणाऱ्या चांदबिबीला ते अकबराच्या मुलाला, मुरादला, द्यावं लागलं. त्यानंतर वऱ्हाडला स्वतःचं तख्त कधीच मिळालं नाही.