मेंढीच्या तुकड्यांपासून मूळपेशींपर्यंत

डिसेंबर १८९३ मध्ये ब्रिस्टलच्या वॉटसन-विल्यम्स या डॉक्टरांनी मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले. तीन दिवसांत मुलगा गेला. टाइप १ मधुमेहावरच्या मूळपेशी-उपचाराचे कूळ सहसा १९९८ पासून, म्हणजे मानवी भ्रूणातल्या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या तेव्हापासून, सांगितले जाते. माझ्या मते ते या फसलेल्या धाडसापासून सांगायला हवे. निकामी झालेल्या पेशींच्या जागी नव्या आणायच्या कुठून आणि शरीर त्या टिकू देईल का, हे दोन्ही प्रश्न तिथेच उभे राहिले. मूळपेशींनी त्यातला पहिलाच सोडवला आहे.

तोही सहज सुटला नाही. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये शापिरो यांच्या चमूने मृत दात्यांच्या पेशी यकृतात सोडून सात रुग्णांचे इन्सुलिन थांबवले. पण एकेका रुग्णाला दोन-तीन दाते लागले, आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेकांना इन्सुलिन पुन्हा सुरू करावे लागले. बेडकांच्या गर्भवाढीचा अभ्यास करणारे हार्वर्डचे डग्लस मेल्टन तान्ह्या मुलाला हा आजार झाल्यावर इकडे वळले. २०१४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने मूळपेशींना टप्प्याटप्प्याने घडवत इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी विपुल प्रमाणात तयार केल्या. त्याच वाटेने आलेल्या उपचाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हते.

मग अडले कुठे, असे कोणीही विचारेल. या सर्वांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि त्यांच्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साखर एकदम उतरून बेशुद्ध पडणाऱ्या आणि त्याची पूर्वसूचनाही न मिळणाऱ्या रुग्णाला हा सौदा परवडतो. चाचणीसाठी असेच रुग्ण निवडले होते. इन्सुलिनवर नीट वाढणाऱ्या मुलावर मात्र तो लादता येणार नाही. रुग्णाच्याच पेशींपासून नव्या पेशी घडवाव्यात, हा तोडगाही अपुरा वाटतो, कारण मुळात या आजारात शरीर स्वतःच्याच पेशी मारते. चीनमधल्या तिआनजिनच्या तरुणीचे इन्सुलिन अशाच पेशींमुळे सुटले खरे, पण यकृतरोपणामुळे ती आधीपासून हीच औषधे घेत होती. म्हणून मला २०२५ चाच स्वीडनमधला प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. तिथे दात्याच्या पेशींची जनुके बदलून त्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत सोडल्या. प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध न देता त्या बारा आठवड्यांनंतरही इन्सुलिन तयार करत होत्या. मात्रा मुद्दामच थोडी असल्याने त्याची इंजेक्शने सुटलेली नाहीत.