क्रमवारीनुसार महसूलवाटप : लीगच्या तिजोरीतील वाटे
प्रक्षेपण हक्क व मुख्य प्रायोजकत्व यांतून लीगला मिळणारे उत्पन्न सामायिक निधीत जमा करून संघांमध्ये विभागण्याच्या पद्धतीस महसूलवाटप म्हणतात. त्यातील काही हिस्सा गुणतक्त्यातील स्थानावर अवलंबून ठेवल्यास ते कामगिरीनिष्ठ वाटप ठरते.

इंग्लंडची प्रीमियर लीग हे त्याचे ठळक उदाहरण. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या रकमेतील ५० टक्के वाटा २० क्लबांना समान मिळतो, २५ टक्के सामने किती वेळा थेट दाखवले गेले त्यावर आणि २५ टक्के क्रमवारीवर ठरतो. क्रमवारीच्या हिश्शात तळाच्या क्लबास एक भाग, त्याच्या वरच्यास दोन, असे चढत जाऊन विजेत्यास वीस भाग मिळतात. परदेशी प्रक्षेपणाची रक्कम पूर्वी समसमान वाटली जाई. २०१९-२० पासून तिच्यातील वाढ क्रमवारीशी जोडण्यात आली. मात्र अव्वल क्लबाचे एकूण उत्पन्न तळाच्या क्लबाच्या १.८ पटींहून अधिक होऊ नये, असे बंधनही घातले गेले. स्पेनमध्ये क्लब आपापले हक्क स्वतंत्रपणे विकत आणि रेआल माद्रिद व बार्सिलोना यांच्यापुढे इतरांची डाळ शिजत नसे. ती रीत २०१५ च्या शासकीय अध्यादेशाने मोडली.

या बंधनाला कारण आहे. जिंकणाऱ्यास जादा पैसा, त्या पैशातून चांगले खेळाडू, त्यांच्यामुळे पुन्हा विजय, हे चक्र मोकाट सुटले तर तळाचा संघ वर येणे दुरापास्त होते.

आयपीएलने उलट वाट धरली. २०२३ ते २०२७ या काळासाठीचे तिचे माध्यम हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सामायिक निधीतील संघांचा वाटा प्रामुख्याने समान असतो आणि खेळाडूंवरील खर्चाची मर्यादाही सर्वांना एकच. २०२४ मध्ये ती १०० कोटी होती, तर विजेत्याचे पारितोषिक २० कोटी. म्हणजे जिंकण्याला मोल आहे, पण हरणाऱ्याचा कणा मोडत नाही. हैदराबादचा डेक्कन चार्जर्स २००८ मध्ये तळाला होता. २००९ मध्ये तोच विजेता ठरला. अर्थात समान वाटा म्हणजे अभयदान नव्हे : मालकांच्या आर्थिक अडचणींमुळे २०१२ मध्ये हा संघ संपुष्टात आला. त्याच्या जागी सनरायझर्स आला.

गोमंतकीय वाचकास दुसरी बाजू परिचित आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपो क्लबाने साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह २०१६ मध्ये आय-लीगमधून माघार घेतली. नव्या रचनेत वरच्या स्तरावरील प्रवेश क्रमवारीवर नव्हे, फ्रँचायझीच्या शुल्कावर ठरत होता.

पैनगंगेकाठच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठीभाषक प्रेक्षकही आयपीएलच्या प्रक्षेपणाचे मोल वाढवतो. पण त्या जिल्ह्यापासून राज्याचे क्रिकेट मैदान, उप्पल, सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. आयपीएलमधील आपल्या हिश्शासह होणाऱ्या उत्पन्नातून भारतीय क्रिकेट नियामक मंडळ राज्य संघटनांना निधी देते; तेलंगणात तो हैदराबाद क्रिकेट संघटनेकडे येतो. पुढे जिल्ह्यांच्या मैदानांवर किती जावा, याला लीगसारखे ठरीव सूत्र नाही. तो संघटनेच्या कारभाराचा प्रश्न. तो कारभार वादांत इतका रुतला, की २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांची एकसदस्य समिती नेमली आणि त्याच वर्षी निवडणुका घेण्यात आल्या.