गुलाबासाठी विमानातून विष

गॅलरीतल्या गुलाबावर मावा पडला की आपण नर्सरीत जातो. दुकानदार एक छोटी बाटली पुढे करतो. आपण तिला 'औषध' म्हणतो. शेतकऱ्याने 'औषध घेतले' अशी बातमी वाचली की मगच या शब्दाचा खरा अर्थ ध्यानात येतो. तरीही बाटली घरी येते. एका पारड्यात कीड, दुसऱ्यात फूल. आपला हिशेब एवढाच असतो. अमेरिकेत असाच हिशेब सरकारी पातळीवर मांडला गेला होता. त्याचा इतिहास आज आठवण्यासारखा आहे.

1916 साली न्यू जर्सीतल्या रिव्हर्टन गावाजवळच्या एका नर्सरीत काही चकचकीत हिरवे-तांबूस भुंगेरे सापडले. ते जपानचे होते. आयात केलेल्या शोभेच्या रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून त्यांच्या अळ्या आल्या असाव्यात, असे मानले जाते. आपल्याकडे उसाची मुळे खाणारी हुमणी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. हा भुंगेरा तिच्याच कुळातला. अळी जमिनीत राहून गवताची मुळे कुरतडते आणि उन्हाळ्यात बाहेर पडलेला भुंगेरा गुलाबाच्या पाकळ्या खातो, पानांची जाळी करतो. जपानमध्ये नैसर्गिक शत्रूंमुळे तो आटोक्यात होता. अमेरिकेत त्याला अडवणारे कोणी नव्हते.

सुरुवातीला नर्सरीच्या मातीत लेड आर्सेनेट मिसळले गेले, म्हणजे शिसे आणि आर्सेनिक. यातले आर्सेनिक कुजत नाही, विरत नाही. मातीतच साठून राहते. दुसरीकडे शास्त्रज्ञांनी कोरिया आणि चीनमधून या अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या आणल्या. 1933 मध्ये न्यू जर्सीतच अळ्यांना होणारा एक जिवाणूजन्य रोग सापडला. त्यात अळीचे रक्त दुधासारखे पांढरे होते. माणूस, पक्षी, गांडूळ यांना त्याची बाधा नाही. 1939 ते 1953 या काळात पूर्वेकडच्या 14 राज्यांत सुमारे 94 हजार एकरांवर हे जिवाणू पसरवण्यात आले.

पण हा उपाय सावकाश गुण देणारा होता, आणि महायुद्धानंतर डीडीटी, आल्ड्रिन, डिल्ड्रिन अशी झटपट मारणारी रसायने हाताशी आली होती. भुंगेरा पश्चिमेकडे सरकला तेव्हा इलिनॉय राज्याने थांबायचे नाही असे ठरवले. 1954 मध्ये शेल्डन गावाभोवती 1,400 एकरांवर विमानातून डिल्ड्रिन टाकले गेले. विषाने तडफडणाऱ्या अळ्या जमिनीवर आल्या, त्या पक्ष्यांनी खाल्ल्या आणि पक्षी मेले. रॉबिन, स्टारलिंग जवळजवळ दिसेनासे झाले. जमिनीत राहणाऱ्या खारी मेल्या. पहिल्याच हंगामात शेतांवरची सुमारे नव्वद टक्के मांजरे गेली.

1959 मध्ये डेट्रॉइटच्या उपनगरांवर आल्ड्रिनच्या गोळ्या विमानातून पडल्या. ते निवडले गेले कारण ते सर्वांत स्वस्त होते. घाबरलेल्या नागरिकांनी फोन केले, तर उत्तर मिळाले की धोका नाही. राचेल कार्सन यांनी 1962 मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हे सगळे जगासमोर आणले. 1974 मध्ये अमेरिकेने आल्ड्रिन आणि डिल्ड्रिनच्या बहुतेक वापरांवर बंदी आणली. पक्षी, मांजरे गेली. भुंगेरा मात्र आजही इलिनॉयमध्ये आहे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ही कीड फक्त फुलांची नव्हती. मका, सोयाबीन, द्राक्षे यांनाही तिने सोडले नाही. जिवाणूंचा उपाय पुढे सगळीकडे सारखा लागू पडला नाही. ज्याचे पोट नर्सरीवर आहे, त्याला 'चार वर्षे थांबा' सांगणे सोपे नाही. म्हणून प्रत्येक फवारणी गुन्हा ठरत नाही. चूक झाली ती मोजण्यात. पक्षी, खारी, मांजरे, माती यांना तराजूत जागाच दिली गेली नाही. जो उपाय स्वस्त वाटला, त्याचे बिल दुसऱ्यांनी भरले.

आपल्या गॅलरीचा आकार लहान, पण प्रश्न तोच आहे. अमेरिकेतले अनेक बागप्रेमी आजही सकाळी, भुंगेरे थंडीने सुस्त असताना, त्यांना साबणाच्या पाण्यात झटकतात. आपल्या गुलाबावरचा मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बराचसा धुऊन निघतो. उरलेला खायला लेडीबर्डच्या अळ्या येतात. फवारणीत त्याही मरतात, आणि मावा परत आला की त्याला खाणारे कोणी उरत नाही.

शेतकऱ्यापुढे पीक वाचवायची सक्ती असते. आपल्यापुढे तसली सक्ती नाही. दोन-चार पाने कुरतडलेला गुलाबही गुलाबच असतो. बाटली उघडण्यापूर्वी तेवढे सोसायची आपली तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारावे.