कृषी उत्पन्न बाजार समिती (संचालकांची निवडणूक व मानधन)

कृषी उत्पन्न बाजार समितीचा कारभार महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ अन्वये निवडलेल्या सदस्यांकडे असतो. बोलीभाषेत त्यांना संचालक म्हणतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अशा १४ समित्या आहेत. नगर समितीचा नेप्ती उपबाजार कांद्यासाठी प्रसिद्ध आहे.

१८ निर्वाचित जागांपैकी ११ सेवा सहकारी संस्थांच्या, ४ ग्रामपंचायतींच्या, २ व्यापारी-अडत्यांच्या व १ हमाल-मापाडींच्या मतदारसंघात असते. सहकारी मतदारसंघात संस्थेचे सर्व सभासद नव्हे, तर केवळ संचालक मंडळाचे सदस्य मत देतात. ग्रामपंचायत मतदारसंघातही केवळ सदस्यच मतदार असतात. त्यामुळे बाजारात माल आणणारा बहुसंख्य शेतकरी मतदार यादीबाहेर राहतो, आणि वादाचे मूळ इथेच आहे. किमान १० गुंठे जमीन असलेल्या व ५ वर्षांत किमान ३ वेळा माल विकलेल्या शेतकऱ्यास २०१७ मध्ये थेट मताधिकार देण्यात आला. २०२० मध्ये तो रद्द झाला. २०२३ च्या निवडणुकीत शेतकऱ्यास उमेदवारी करता आली, मताधिकार मात्र मिळाला नाही.

निर्वाचित सदस्यसंख्या सम असल्याने बरोबरी संभवते. २०२३ मध्ये जामखेड येथे दोन्ही गटांना ९-९ जागा मिळाल्या.

सदस्यपद पगारी नाही. सभापतीस मानधन, तर इतरांना सभा व प्रवासभत्ता बाजार निधीतून मिळतो. हा निधी मुख्यतः मालाच्या खरेदी-विक्रीवरील बाजार शुल्कातून जमतो. वेतन घेणारा सचिव हा समितीचा कर्मचारी असतो.