कपाळाची क्रिया पोटावर कशी आली

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर कोणी बाईंनी एक चिठ्ठी टेबलावर ठेवली होती. ‘सर, वर्षभर रोज पाचशे कपालभाती करते, वजन का उतरत नाही?’ तत्त्वज्ञानाच्या मास्तराला कोणी वजनाबद्दल विचारावं, हे त्याचं भाग्यच म्हणायचं! (हशा) पण मला वाटतं या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासात आहे, म्हणून आज तोच विषय घेतो.

आधी शब्द बघा. कपाल म्हणजे कवटी, भाती म्हणजे चकाकते. नावात पोट कुठेच नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांनी हठयोगप्रदीपिकेत कपालभाती सांगितली ती षट्कर्मांमध्ये, म्हणजे धौती, बस्ती, नेती यांच्या पंगतीत. लोहाराच्या भात्यासारखा श्वास भराभर घ्यायचा-सोडायचा आणि त्याने कफाचे विकार सुकवायचे. म्हणजे तो प्राणायाम नव्हे, प्राणायामाच्या आधीची झाडलोट आहे. पुढे घेरंडसंहितेत तर याच नावाखाली तीन प्रकार येतात आणि त्यांतल्या दोहोंत चक्क नाकातोंडातून पाणी खेळवायचं असतं. आज टीव्हीवर दिसतात ते पोटाचे हिसके म्हणजेच पुरातन कपालभाती, असं समजणाऱ्याने एकदा मूळ ग्रंथ उघडून बघावा.

आता मेदाचा मुद्दा. तो ग्रंथात आहे, नाही असं नाही. पण कसा आहे? ज्याच्या शरीरात मेद आणि कफ जास्त, त्याने आधी षट्कर्मं करावीत. बाकीच्यांना त्यांची गरज नाही. स्थूलपणा गेला की मग प्राणायाम विनासायास साधतो. म्हणजे क्रम असा की वजन उतरवायचं ते प्राणायाम जमावा म्हणून. आपण नेमकं उलट केलं. प्राणायाम करायचा तो वजन उतरावं म्हणून! साधन आणि साध्य यांची अशी अदलाबदल झाली की तत्त्वज्ञानाचा माणूस अस्वस्थ होतो, पण ते असो.

ही अदलाबदल एका दिवसात झाली नाही. नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदास नावाचे योगी होते. त्यांचे दोन शिष्य आपल्याकडे आले. योगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला संस्था काढली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. बडोद्याला माणिकरावांच्या तालमीत घडलेले, अमळनेरला शिक्षक असलेले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केलं. योगाला आरोग्याच्या, उपचाराच्या भाषेत आणणारी ही माणसं.

कुवलयानंदांबद्दल मला जो आदर आहे तो वेगळ्या कारणासाठी आहे. त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौलीची क्ष-किरण चित्रं काढून घेतली. नौली करताना आतड्यात पाणी आपोआप वर ओढलं जातं, ते कशामुळे? परंपरा म्हणे अपानवायूमुळे. यांनी दाब मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघाला. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं. पुढे त्यांनी निरनिराळ्या प्राणायामांत बाहेर पडणाऱ्या हवेचंही पृथक्करण केलं. तेव्हा सगळे सांगत, प्राणायामात खूप प्राणवायू मिळतो म्हणून आरोग्य सुधारतं. यांच्या मोजमापात तसं काही दिसेना. त्यांनी ते छापलं आणि म्हटलं, प्राणायामाचं मोल ऑक्सिजनमध्ये नाही, ते दुसरीकडे, मज्जासंस्थेत वगैरे, शोधावं लागेल. स्वतःच्या पंथाला सोयीचं नसलेलं माप छापणारा साधक! आणि गंमत अशी की ते ‘जास्त ऑक्सिजन’ शिबिरांतून आजही सुखेनैव चालू आहे.

आता चिठ्ठीतल्या प्रश्नाकडे येतो. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघा अभ्यासकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक हिशेब मांडला. दहा किलो चरबी शरीरात पूर्ण जळली, तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी खरोखर नाकातूनच जाते! मग जोरजोरात श्वास सोडला की झालं? नाही ना. तो वायू तयार होतो पेशींमध्ये, शरीराने काम केलं तर. काम न वाढवता नुसता श्वास भराभर टाकला, तर रक्तातला साठा तेवढा उपसला जातो. चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. चरबी जागच्या जागी. मी स्वतः निवृत्तीनंतर दोन वर्षं हा प्रयोग केला आहे. नाक साफ राहिलं, झोप बरी लागली, काटा मात्र हलला नाही. तो हलला तो रात्रीचा भात निम्मा केल्यावर आणि चालायला लागल्यावर. स्वात्मारामांनी योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पहिली कोणती? अति खाणं. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा म्हणतात. ते मात्र शिबिरात कोणी पाठ करून घेत नाही.

याच ग्रंथात इशाराही आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास हळूहळू ताब्यात घ्यावा. चुकलं तर उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी. आमच्या सकाळच्या बागेतल्या गटात एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे. श्वासाने बरं वाटायला लागलं म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळी सोडली. सहा-सात महिन्यांनी पक्षाघात झाला. दोष कपालभातीचा असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनीही गोळीकडेच बोट दाखवलं. त्यांना गोळी सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं. सोडू नका, असंही कोणी सांगितलं नाही. आम्हीही नाही, आम्ही रोज शेजारी बसत होतो.

हे मुद्दाम सांगतो, कारण त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ‘बीपीची गोळी आहे, आता बंद केली तर चालेल का?’ खाली नाव नाही, म्हणून सर्वांसमक्ष उत्तर देतो. बाई, संथ श्वसनाने दाब थोडा उतरतो हे खरं आहे, ते जरूर करा. जोराचे हिसके तूर्त थांबवा. आणि गोळी आज रात्री घ्या, उद्या डॉक्टरांकडे जा.