हजच्या जलप्रवासापासून बेटांवरील सहलीपर्यंत : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात मुस्लिम दांपत्यांच्या समुद्रप्रवासाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

बुलढाणा हा पूर्णपणे अंतर्देशीय जिल्हा आहे. बुलढाणा शहरापासून मुंबईचे बंदर रस्त्याने चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर असून जिल्ह्याच्या लोकजीवनात समुद्राला प्रत्यक्ष स्थान नाही. तथापि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे १४ टक्के असलेल्या मुस्लिम समाजाच्या धार्मिक जीवनात समुद्रप्रवासाला दीर्घकाळ अनन्यसाधारण महत्त्व होते. मक्केला जाणारा मार्ग समुद्रावरूनच जात असे. अलीकडील काळात विवाहित जोडप्यांसाठी लक्षद्वीप, मालदीव यांसारख्या बेटांवर 'हलाल' नियमांना अनुकूल सहली आखल्या जातात. ही कल्पना वरवर पाहता नवी वाटते. तिच्यामागील प्रश्न मात्र जुने आहेत. अन्न कोणते, पाणी कोठले, नमाज कशी अदा करावयाची, स्त्रियांची सोय काय आणि परतीची हमी कोण देणार, हे प्रश्न हजच्या जहाजांनी शंभर वर्षांपूर्वीच उभे केले होते. या दोन्ही प्रवासांतील साम्य व भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा उद्देश आहे.

वऱ्हाडातून बंदरापर्यंत :

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग पूर्ण झाला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबईशी थेट जोडली गेली. कापसाच्या व्यापारासाठी बांधलेल्या जलंब-खामगाव या शाखेचे उद्घाटन १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. रेल्वे आली ती कापसासाठी. परंतु तिचा लाभ यात्रेकरूंनाही झाला. चिखली, मेहकर, लोणार या भागांतील यात्रेकरूंना मात्र आधी बैलगाडीने रेल्वेस्थानक गाठणे भाग होते.

याच सुमारास, १८६९ मध्ये, सुएझ कालवा खुला झाला व तांबड्या समुद्रातील आगबोटींची वाहतूक वाढली. मोगल काळात हजचे प्रमुख बंदर असलेल्या सुरतेची जागा मुंबईने घेतली होती. १८७७ मध्ये स्थापन झालेली 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी' पुढे 'मोगल लाइन' या नावाने ओळखली जाऊ लागली. हज वाहतुकीत या कंपनीचे स्थान दीर्घकाळ अग्रगण्य राहिले.

प्रवासाचे नियोजन व त्यातील संकटे :

हज सामर्थ्य असणाऱ्यावरच फर्ज आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी कर्ज फेडणे व मागे राहणाऱ्या कुटुंबीयांच्या निर्वाहाची तरतूद करणे हे नियोजनाचे पहिले अंग होते. दुसरे अंग ऋतूचे. हिजरी वर्ष चांद्रमानाचे असल्याने हजचा काळ दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतो. परिणामी काही वर्षे हा प्रवास ऐन पावसाळ्यातील खवळलेल्या अरबी समुद्रातून करावा लागे. यात्रेकरूला ऋतू निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते.

बहुसंख्य यात्रेकरू डेकवरून प्रवास करीत. सुरुवातीच्या काळात ते शिधा बरोबर नेत व जहाजावर स्वतःच स्वयंपाक करीत. त्यामुळे अन्नाच्या हलाल असण्याचा प्रश्न आपोआप सुटे. गर्दी, धूर व पिण्याच्या पाण्याची टंचाई हे प्रश्न मात्र गंभीर होत. वजूसाठी समुद्राचे पाणी ग्राह्य असल्याचे इस्लामी धर्मशास्त्र मानते. जहाजावर उभे राहणे अशक्य असल्यास बसून नमाज पढण्याचीही मुभा आहे. धर्मशास्त्राने प्रवाशाची अडचण अशा रीतीने पूर्वीच ध्यानात घेतली होती.

शासनाचा हस्तक्षेप प्रामुख्याने साथीच्या रोगांमुळे वाढला. १८८२ पासून तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हिंदी यात्रेकरूंना विलगीकरणात ठेवले जाऊ लागले. अंतर्देशीय वऱ्हाडातून निघालेल्या यात्रेकरूच्या वाट्याला आलेले 'बेट' ते हेच. तेथे त्याची गाठ उष्मा, निर्जंतुकीकरण व प्रतीक्षा यांच्याशी पडे. १८८६ मध्ये सरकारने हज वाहतुकीची व्यवस्था थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे सोपविली. हा प्रयोग १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. पर्यटन व्यवसायातील एका अग्रणी कंपनीने हजचे नियोजन हाती घ्यावे, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. मुंबईतील प्लेगमुळे १८९७ मध्ये तेथून हजला जाण्यास बंदी घालण्यात आली. जेद्दाह येथे निष्कांचन यात्रेकरू अडकून पडत असल्याने १९२५ च्या कायदादुरुस्तीने परतीचे तिकीट अथवा अनामत रक्कम आवश्यक करण्यात आली.

दांपत्य आणि सहप्रवास :

परंपरेनुसार हजच्या प्रवासात स्त्रीसोबत पती अथवा महरम नातेवाईक असणे आवश्यक मानले गेले. त्यामुळे हजचा जलप्रवास हा कित्येक दांपत्यांच्या आयुष्यातील एकत्रित असा पहिला व बहुधा एकमेव दीर्घ प्रवास असे. तथापि त्यास विहार म्हणता येणार नाही. इहराम धारण केल्यानंतर वैवाहिक संबंध निषिद्ध होतात. पती-पत्नी परस्परांचे सोबती असत ते उपासनेतील. शिवाय प्रवासखर्चामुळे अनेक घरांत एकानेच जाणे शक्य होई व दुसऱ्याच्या वाट्याला प्रतीक्षा येई. महरमविना जाऊ इच्छिणाऱ्या ४५ वर्षांवरील स्त्रियांना गटाने हजला जाण्याची मुभा भारत सरकारच्या धोरणानुसार २०१८ मध्ये मिळाली. तोपर्यंत समुद्रमार्गाचे युग संपलेले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही जहाजे यात्रेकरूंची वाहतूक करीत. १९९५ मध्ये मुंबई-जेद्दाह ही जहाजसेवा बंद झाली. पुढे नागपूर व औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथूनही हजची विमाने सुटू लागली आणि वऱ्हाडातील यात्रेकरूचा समुद्राशी असलेला संबंध तुटला.

बेटांकडे नवी दृष्टी :

समुद्र परतला तो सहलीच्या रूपाने. मालदीवमध्ये १९७२ साली पहिले पर्यटन निवासस्थान सुरू झाले. तेथील लोकवस्तीच्या बेटांवर मद्यास बंदी आहे, मात्र पर्यटकांसाठी राखीव बेटांवर ते उपलब्ध असते. म्हणून 'मालदीव हा मुस्लिम देश आहे' एवढ्यावर विसंबून भागत नाही. बेट कोणते, हे पाहावेच लागते. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची सुमारे ९६ टक्के लोकसंख्या मुस्लिम आहे. तेथे दीर्घकाळ दारूबंदी राहिली असून बंगाराम हे बेट त्यास अपवाद ठरले. बाहेरील व्यक्तीस तेथे प्रवेशासाठी परवाना लागतो आणि कोचीहून जहाजाने पोहोचण्यास सामान्यतः चौदा ते अठरा तास लागतात.

शिडाच्या होडीचा अनुभव महाराष्ट्रातही मिळतो. सिद्दींचे संस्थान असलेल्या जंजिऱ्याच्या जलदुर्गाकडे राजपुरीहून आजही शिडाच्या होड्या जातात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. यात्रेकरूला नसलेले ऋतू निवडण्याचे स्वातंत्र्य पर्यटक दांपत्याला येथे लाभते.

आहाराच्या बाबतीत एक सूक्ष्म भेद सहसा दुर्लक्षिला जातो. वऱ्हाडातील मुस्लिम बहुतांशी हनफी मताचे, तर कोकण, लक्षद्वीप व मालदीव येथील मुस्लिम परंपरेने शाफई मताचे आहेत. शाफई मतानुसार बहुतेक सर्व समुद्रजीव भक्ष्य ठरतात. हनफी मतानुसार मासेच ग्राह्य असून खेकडा व माकुळ वर्ज्य आहेत; कोळंबीविषयी विद्वानांत मतभेद आहेत. याचा अर्थ यजमानाच्या दृष्टीने पूर्णपणे हलाल असलेले ताट बुलढाण्याहून आलेल्या जोडप्यास तसे वाटेलच असे नाही. 'हलाल' हा शब्द एकच असला तरी समुद्रकिनारा व अंतर्भाग यांचे त्याविषयीचे आचार भिन्न आहेत.

निष्कर्ष :

१. हलाल-अनुकूल सहलीच्या नियोजनातील अन्न, पाणी, उपासना, स्त्रियांची सोय व परतीची हमी हे घटक हजच्या जलप्रवासाच्या इतिहासात आधीच आढळतात.

२. परतीच्या तिकिटासारखी संरक्षणे यात्रेकरूंनी भोगलेल्या हालअपेष्टांतून निर्माण झाली.

३. हजच्या प्रवासात दांपत्य कर्तव्यासाठी एकत्र येत असे. बेटावरील सहलीत सहवास हाच हेतू असतो. या दोन हेतूंची गल्लत करणे इतिहासास धरून होणार नाही.

४. जिल्ह्यातील वृद्ध यात्रेकरूंच्या जलप्रवासाच्या आठवणी मौखिक इतिहासाचे मौलिक साधन आहेत. १९९५ पूर्वी जहाजाने गेलेल्यांची पिढी आता अस्तंगत होत आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी या आठवणींचे संकलन तातडीने हाती घेणे आवश्यक आहे. अन्यथा समुद्र नसलेल्या जिल्ह्याचा समुद्राशी असलेला हा इतिहास कायमचा लुप्त होईल.