अरबी समुद्र आणि कार्बन डायऑक्साइड : मोजमापांच्या इतिहासाचा मागोवा

चेंबूरलगतच्या माहुल-ट्रॉम्बे किनाऱ्यावर 1954 ते 1956 या अल्पकाळात दोन तेलशुद्धीकरण कारखाने व एक औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. त्यानंतर लगेच, 1957 मध्ये, रॉजर रेव्हेल व हान्स झ्यूस या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एका प्रचलित समजुतीला धक्का दिला. धुराड्यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र सहज सामावून घेईल, अशी ती समजूत होती. समुद्रजलातील बायकार्बोनेट व कार्बोनेट यांच्या समतोलामुळे पाण्यावरील या वायूचा दाब दहा टक्क्यांनी वाढला, तरी पाण्यातील एकूण कार्बन जेमतेम एक टक्क्याने वाढतो, असे त्यांच्या विवेचनातून निष्पन्न झाले. 1958 पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवर घेतलेल्या नोंदींनी हवेतील वाढ निर्विवाद ठरविली.

मानवनिर्मित उत्सर्जनाचा साधारण चौथा हिस्सा महासागर शोषून घेतात, हे आज मान्य झाले आहे. मात्र येथे ‘महासागर’ म्हणजे मुंबईकराच्या डोळ्यांसमोरचा अरबी समुद्र नव्हे. हा समुद्र वर्षाच्या हिशेबात हवेकडून जितका वायू घेतो, त्याहून अधिक हवेला देतो. हे कसे कळले आणि या ज्ञानाची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

हिंदी महासागराच्या पृष्ठजलातील कार्बन डायऑक्साइडची आरंभीची मोजमापे 1962-63 च्या ‘लुसियाड’ या अमेरिकी सफरीत झाली. तो आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा काळ होता. भारताच्या वतीने नौदलाचे ‘किस्तना’ हे जहाज तीत सहभागी होते. मोहिमेचे फलित म्हणून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली व पुढे ती गोव्यात दोनापावला येथे स्थिरावली. 1983 मध्ये ‘सागर कन्या’ हे संशोधन-जहाज देशाला लाभले. तरीही कार्बनचा पद्धतशीर अभ्यास व्हावयास पुढील दशक उजाडावे लागले.

या अभ्यासाची संधी 1992 ते 1997 या काळातील जागतिक सागरी प्रवाह अभ्यासाच्या भारतीय कार्यक्रमाने दिली. ‘सागर कन्या’च्या तीन सफरींचा कालक्रम मुद्दाम ऋतुमानानुसार ठरविला होता : एप्रिल-मे 1994, फेब्रुवारी-मार्च 1995 आणि जुलै-ऑगस्ट 1995. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांवर, तसेच भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कार्बनसमृद्ध थंड पाणी खालून वर येते. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचे पृष्ठजल थंड व जड होऊन खाली बुडते आणि त्याच्या मिसळणीतून खालची पोषकद्रव्ये वर येतात. ही प्रक्रिया संस्थेतील एम. मधुप्रताप व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये विशद केली. अशा दोन्ही काळांत सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो व त्या कार्बन वापरतात. परंतु वर आलेला सर्व कार्बन त्यांना पुरा पडून संपत नाही. याच कालखंडात, 1995 च्या पावसाळ्यात, एका जर्मन सफरीने ओमानजवळच्या पाण्यात सुमारे 700 मायक्रोॲटमॉस्फिअर इतका दाब नोंदविला. हवेतील दाब तेव्हा जेमतेम 360 च्या आसपास होता! व्ही. व्ही. एस. एस. शर्मा, एम. दिलीप कुमार व एम. डी. जॉर्ज यांनी 1998 मध्ये मध्य व पूर्व अरबी समुद्र हा या वायूचा बारमाही स्रोत असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

‘बारमाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यात ऋतू येतात, दशके येत नाहीत.

दशकांचे महत्त्व जगाला उशिराच उमगले. एल निनोच्या वर्षी पूर्व विषुववृत्तीय प्रशांत महासागरातील खोल पाण्याचे वर येणे मंदावते व तेथून होणारे उत्सर्जन घटते, हे ठाऊक होते. परंतु कोरिन ल केरे व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दक्षिणी महासागराचे शोषण अपेक्षेइतके वाढत नसल्याचे दाखविले, तेव्हा चिंता निर्माण झाली. 2015 मध्ये पेटर लांडशुत्सर व सहकाऱ्यांनी तेच शोषण 2002 च्या सुमारापासून पुन्हा जोमाने वाढल्याचे मांडले. 2020 मध्ये गॅलन मॅकिन्ली व सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकातील जागतिक मंदीचा संबंध हवेतील वाढीचा वेग कमी होण्याशी आणि 1991 मधील पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जोडला. अरबी समुद्राची सर्वांत भक्कम मोजमापे नेमकी याच दशकातील आहेत. एका असाधारण दशकातील तीन सफरींना कायमचा नियम सांगावयास लावणे इतिहासदृष्ट्याही धाडसाचे होय.

हवाई व बर्म्युडाजवळ 1988 पासून खुल्या समुद्रातील अखंड नोंदी आहेत; उत्तर हिंदी महासागरात तसे घडले नाही. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर 1997 पासून नियमित निरीक्षणे सुरू झाली, पण ते स्थान उथळ किनारी पाण्यातील असून तेथील अभ्यासाचा भर ऑक्सिजनच्या ऱ्हासावर राहिला. नोंदींची उणीव प्रतिमानांनी भरून काढावी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत विनू वलसला यांनी उत्तर हिंदी महासागरातील वर्षागणिक चढउतारांचा अभ्यास याच मार्गाने केला आहे. शर्मा व सहकाऱ्यांच्या 2013 मधील संकलनानुसार 1990 ते 2009 या काळात दक्षिणेकडील पाण्यासह हिंदी महासागराने वर्षाला सरासरी 0.37 अब्ज टन कार्बन शोषला. हे शोषण मुख्यतः दक्षिणेचे आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अरबी समुद्र स्रोत आहे म्हणून माहुलच्या धुराड्यांच्या हिशेबात त्याचा वाटा शून्य ठरत नाही. हवेतील प्रमाण 1995 मधील दशलक्षांत सुमारे 361 वरून 2024 मध्ये सुमारे 424 वर गेले. पाण्यातील दाब त्याच गतीने वाढला नसेल, तर दोहोंतील अंतर घटते आणि समुद्र पूर्वीपेक्षा कमी वायू सोडतो. उत्सर्जनातील ही घट हवेच्या दृष्टीने शोषणाइतकीच असते. ती किती झाली, हे ठरविण्यासाठी 1994-95 च्या त्याच मार्गांवर, त्याच तीन ऋतूंत पुन्हा मोजमापे करावी लागतील.